माळ बंद करायच्या आधी एकदा माळावर या : आमच्या ग्रामसभेला खुलं पत्र

सरपंच ताई, उपसरपंच, सगळे सदस्य, पाणलोट समितीची मंडळी आणि समस्त ग्रामस्थ, सगळ्यांना रामराम.

मागच्या सभेत माळाचा विषय निघाला तेव्हा मी हात वर केला होता पण तोवर निम्मी माणसं चहाला उठलेली आणि माईक पुढच्या विषयावर गेलेला, म्हणून आता सावकाश टाईप करून ग्रुपवर टाकतोय. लांबलंय, माहितीये. रात्री वाघरीजवळ (मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ) बसून मोबाईलवर लिहिलंय, कुत्री भुंकली की उठावं लागतं, त्यामुळे एखादं वाक्य कुठून कुठं गेलं असेल तर सांभाळून घ्या.

ठराव असा आहे की गायरान आणि त्याच्या वरचा सगळा माळ ५ वर्षं चराईला पूर्ण बंद, मेंढरू दिसलं की दंड, आणि कंपनीच्या सीएसआर (म्हणजे समाजकार्याच्या) फंडातून जेसीबीने चर मारून झाडं लावायची. कारण काय, तर मेंढरांनी माळ खाऊन टाकला.

मी धनगराच्या घरातला, ॲग्रीचा डिप्लोमा केलेला, दिवसा कृषी सेवा केंद्रात खतं-औषधं विकतो आणि घरी भावाची माझी मिळून ७०-८० मेंढरं आहेत, म्हणजे हा आपल्याच बाजूने बोलणार असं तुम्ही धरूनच चालणार. म्हणून आधी कबूल करून टाकतो. माळ बिघडलाय. म्हसोबाच्या मागचा उतार जो आता बोडका दिसतो तो आमच्याच मेंढरांनी बोडका केलाय, दुसऱ्या कुणी नाही. २०१८-१९ च्या दुष्काळात वडील आजारी पडले, दिवाळीनंतर आमचा वाडा, म्हणजे मेंढरांबरोबर फिरणारं बिऱ्हाड, हललाच नाही, खांड (मेंढरांचा कळप) वर्षभर इथंच राहिलं, आणि रोज सकाळी सोडायला सगळ्यात जवळ काय तर तो उतार. मी तेव्हा कॉलेजला, पुस्तकात कुरण व्यवस्थापन वाचत होतो आणि घरची मेंढरं त्याच्या बरोबर उलट करत होती, आणि मला दोन्हीचा संबंध लागत नव्हता.

त्या उतारावर काय काय होत गेलं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तिथं आधी पवन्या होता, मारवेल होता, मधेमधे कुसळी. ही सगळी ठोंब धरून राहणारी गवतं, एकदा लागली की वर्षानुवर्षं त्याच बुडातून फुटणारी. देशभरातल्या गवताचा मोठा सर्व्हे १९७३ साली छापून आला होता, दाबडघाव आणि शंकरनारायण यांचा, त्यात आपल्या दख्खनच्या पट्ट्याला नावच पवन्या आणि मारवेल या दोन गवतांवरून दिलंय, म्हणजे आपल्या माळाची ओळख ही गवतं आहेत. मेंढरं उभी राहिली की पहिला जातो तो मारवेल, गोड असतो ना. मग पवन्या. मग कुसळी माजते कारण ती फक्त कवळी असतानाच खाल्ली जाते, निसवली की तिची कुसळं मेंढराच्या तोंडात आणि लोकरीत घुसतात, कातडीपर्यंत जातात, त्यामुळे मेंढरू तिला टाळतं आणि ती पसरते. तीही गेली की हरळी आणि एका पावसाची खुरटी गवतं, जी दिवाळीला वाळून वाऱ्यावर जातात. आणि शेवटी तरवड, टाकळा, गाजरगवत, ज्याला मेंढरू तोंड लावत नाही. लांबून बघितलं तर श्रावणात तो उतार हिरवागारच दिसतो, फोटो पण छान येतो. मेंढका मात्र बघून सांगतो की इथं खायला काही नाही.

आता हे होतं कसं. गाय गवताला जीभ गुंडाळते आणि ओढते, त्यामुळे खाली बोट-दोन बोटं जास्त राहतं. शेरडू वर बघून खातं, बोराटीचा पाला, बाभळीच्या शेंगा, मागच्या पायावर उभं राहून. मेंढराचा वरचा ओठ मधे चिरलेला असतो, त्यामुळे ते पार जमिनीला टेकून, निवडून निवडून एकेक पान काढतं. निवड चांगली आहे पण थांबलं नाही तर बूड खातं. आणि गवताचा सगळा जीव बुडात असतो. पान कापलं की नवीन फुटवा बुडातल्या डोळ्यातून येतो, त्याला लागणारी शिदोरी मुळातून आणि बुडख्यातून येते. ७-८ दिवसांनी तो फुटवा दोन पानांचा झाला की परत तेच मेंढरू येऊन तोच खातं कारण तो सगळ्यात कवळा, बाकीचं जून गवत शेजारी तसंच उभं. ठोंब परत शिदोरी काढतो. असं चार-पाच वेळा झालं की शिदोरी संपली. शेतकऱ्याला हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही, लसूणघास लावलाय ना तुम्ही, दर आठवड्याला कापून बघा किती वर्षं टिकतो ते.

आणि वर जे दिसतं तेच खाली होतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या क्रायडर नावाच्या माणसाने १९५५ साली गवत कापून कापून मुळं बघितली होती, निम्म्यापेक्षा कमी पाला काढला तर मुळं वाढतच राहतात, निम्म्याच्या पुढे गेलं की मुळांची वाढ थांबायला लागते, आणि बराचसा पाला एकदम काढला तर कित्येक दिवस मुळं जागची हलत नाहीत. आता विचार करा, आपल्याकडे पाऊस ५०० मिलिमीटरच्या आत-बाहेर, तोही जून ते ऑक्टोबर तुकड्या तुकड्यात, एकेक उघडीप तीन-तीन आठवड्यांची. त्यात ज्या गवताची मुळं वीतभर खाली गेली नाहीत ते उघडिपीत जळणारच. मग आपण म्हणतो पाऊस कमी झाला.

पाण्याचं तर मी स्वतः करून बघितलंय. तेलाचा पत्र्याचा डबा, वरचं खालचं दोन्ही तोंड कापलेलं, जमिनीत चार बोटं ठोकायचा आणि वरून एक लिटर पाणी ओतून घड्याळ लावायचं. वरच्या पठारावर जुन्या बोराटीच्या बेटात, जिथं मेंढराचं तोंड पोचत नाही आणि पवन्याचे जुने ठोंब आहेत, तिथं पाणी ओतलं आणि मी मोबाईल खिशात ठेवेपर्यंत खाली गेलं. पाझर तलावाकडे जाणारी जी मेंढवाट आहे तिच्यावर ओतलं तर मी आणि भावाने थर्मासमधला चहा पिला, भांडी धुतली, तरी डब्यात पाणी उभं. माती तीच, मुरूम तोच, मधे अंतर फार तर दोनशे पावलं. गवताची मुळं दरवर्षी थोडी मरतात थोडी नवी येतात, मेलेल्या मुळांच्या जागी नळ्या राहतात, गांडुळं वाळवी येतात, त्यातून पाणी खाली जातं. मुळं गेली की नळ्या गेल्या, वर पावसाच्या थेंबांनी माती बसून पापुद्रा धरतो, आणि पुढचा पाऊस ओघळ करून सरळ ओढ्याला. पाझर तलावात गाळ कुठून येतो हा प्रश्न मागच्या सभेत आला होता ना, हा घ्या तो तिथून येतो.

खुराचं पण सांगतो कारण त्यावर गावात दोन पार्ट्या आहेत, एक म्हणते खुरांनी जमीन दडपते आणि दुसरी म्हणते खुरांनी जमीन मोकळी होते. दोन्ही खरं आहे, फक्त कधी ते महत्त्वाचं. उन्हाळ्यात वाळलेला पापुद्रा खुरांनी फुटतो, पडलेलं बी मातीत दाबलं जातं, वाळलेलं गवत आडवं पडून मातीला झाकतं, हे चांगलंच. पण भर पावसात चिखलात तेच पाचशे मेंढरू दोन दिवस फिरलं तर ती जमीन लिंपल्यासारखी होते. वाफसा नसताना कुणी शेतात औत घालतं का? मग माळाला वाफसा नसतो असं कुणी सांगितलं?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. माळ बारा महिने मेंढरं पोसू शकतच नाही, कधीच शकत नव्हता, आणि हे आमच्या आज्या-पणज्याला माहीत होतं. हिशोब करून बघू. दख्खनी मेंढी ३० किलोच्या आसपासची, वाळल्या चाऱ्याच्या मापाने दिवसाला साधारण १ किलो खाते. आपल्या बरड माळावर चांगल्या वर्षी हेक्टरी दीड टन वाळलं गवत धरू, त्यातलं निम्मं मुळांसाठी आणि मातीसाठी सोडलं तर उरलं ७५० किलो. म्हणजे शंभराचं खांड एका हेक्टरात साडेसात दिवस. किंवा दुसऱ्या बाजूने, वर्षभर ठेवायची म्हटली तर अडीच एकराला दोन मेंढ्या. फक्त दोन! आता गावातली मेंढरं मोजा आणि माळ मोजा.

म्हणूनच वाडा हलायचा. दसरा-दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, कोकरं टाकून घाट उतरून कोकणाकडे, भात निघालेल्या खाचरांत, आणि मृगाच्या आधी परत, कारण कोकणातला पाऊस मेंढराला झेपत नाही, खुरं सडतात. लोकांना वाटतं धनगर बिचारा पोटासाठी भटकतो. भटकणं हेच आमचं कुरण व्यवस्थापन होतं. ७-८ महिने माळावर आमचं तोंड नाही, बी पडलेलं, वाळकं गवत उभं, ठोंबांना पूर्ण विसावा. आणि परत आल्यावरसुद्धा जून-जुलैला मेंढरं माळावर कमी आणि शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) रानात जास्त असायची. तेव्हा गावातली काळी रानं पावसाळाभर पड असायची, शाळू हस्तात-चित्रात पेरायचा, त्या पड रानातलं तण मेंढरं खायची, रात्री तिथंच वाघर लावून बसायची, लेंडी-मूत पडायचं, वरून कुळवाची पाळी बसायची. शेतकरी ज्वारीची पायली नाहीतर पैसे द्यायचा आणि तोवर माळावर गवत वीतभर होऊन जायचं. कुणी ठराव केला नव्हता, सगळं आपोआप जुळलेलं होतं.

ते मोडलं कशाने? काळ्या रानात आता खरिपाला कांदा, सोयाबीन, आणि पाणी आलं तिथं ऊस, पड रान राहिलं नाही. घाटाच्या रस्त्याला गाड्या इतक्या की मागच्या वर्षी आमच्याच नात्यातल्या एका वाड्याची मेंढरं एका रात्रीत टेम्पोखाली गेली. कोकणात खाचरांना कुंपणं, प्लॉट, फार्महाऊस. पोरांच्या शाळा. मग वाडा एक महिना उशिरा निघतो, दोन महिने आधी येतो, काही वाडे जातच नाहीत. मेंढरं वाढली असं तुम्ही म्हणता, माझ्या डोळ्यासमोर तरी खांडं कमीच झालीत, फक्त जी आहेत ती थांबलीत. थांबलेली दिसतात म्हणून जास्त वाटतात. आणि एक बोलू का, एचएफ (जास्त दुधाच्या विदेशी) गाया, म्हशी, शेरडं पण माळावर जातात, पण ती दोन-दोन चार-चार, प्रत्येक घरची वेगळी. मेंढरं एका जागी चारशे दिसतात, त्यामुळे नजरेत भरतात.

म्हणजे बंदीने प्रश्न सुटेल का? अर्धा सुटेल आणि अर्धा नवीन तयार होईल. पहिली दोन-तीन वर्षं झकास जातील, हे मी आत्ताच लिहून देतो. गवत येईल, ओघळ भरतील, फोटो काढायला साहेब येतील. राळेगणसिद्धी, हिवरे बाजारला चराईबंदी झाली आणि तिथलं गवत वाढलं हे खरंच आहे, मी स्वतः हिवरे बाजारला जाऊन आलोय. पण तिथं बंदीबरोबर विळ्याने गवत कापून न्यायची सोय केली, म्हणजे गवत निघत राहिलं. आपल्या ठरावात कापणीचा शब्द पण नाही. गवत नुसतं ठेवलं तर चौथ्या वर्षी काय होतं ते बघायला लांब जायला नको, सोलर कंपनीच्या कुंपणाच्या आत बघा. जुने ठोंब करडे पडलेत, मधोमध मेलेले, वाळलेल्या पात्यांचा एवढा थर की खालच्या फुटव्याला ऊन लागत नाही. मग फाल्गुनात कुणीतरी बिडी टाकतो आणि सगळं जळतं. पाच वर्षं साठवलेलं एका दुपारी.

राजस्थानात भरतपूरचं पक्ष्यांचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं १९८२ मध्ये म्हशींना चराईबंदी केली, त्यावरून गोळीबार झाला, माणसं मेली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून निघालं की म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत इतकं माजलं की पक्ष्यांनाच मोकळं पाणी राहिलं नाही. म्हणजे ज्यांना वाचवायला बंदी केली त्यांनाच ती नडली. आपला माळ म्हणजे पाणथळ नाही, मान्य, तिथल्या म्हशी आणि आपली मेंढरं पण वेगळी. पण चराई हा त्या जागेच्या कामकाजाचा भाग असतो एवढं तरी त्यातून घ्या.

झाडांचं मी जपून बोलतो कारण झाडाविरुद्ध बोललं की माणूस लगेच व्हिलन होतो. मला झाडं आवडतात. गावठाणात लावा, ओढ्याच्या काठाने लावा, बांधावर लावा, शाळेच्या मागे लावा, मी खड्डे खणायला येतो. पण माळाच्या बरड मुरमात, जिथं माती वीतभर पण नाही, तिथं जेसीबीने सलग चर मारायचे म्हणजे शंभर वर्षांची गवताची वीण उसवायची. चराच्या कडेला मुरूम वर येतो आणि त्याच्यावर पहिलं काय उगवतं? गाजरगवत. मग गिरिपुष्पाची रोपं लावायची कारण ती मेंढरू सहसा खात नाही आणि जगतात, म्हणजे आकडा पूर्ण होतो. सरकारी नोंदीत अशा जागेला पडीक म्हणतात म्हणून आपल्यालाही ती रिकामी वाटायला लागली. रिकामी आहे का ती? चिंकारा कुठं फिरतो? लांडगा कुठं पिल्लं घालतो? चंडोल गवताच्या बुडात घरटं करतो, झाडावर नाही. इथून सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य लांब नाही, चिंकाऱ्यासाठी राखलेलं, तिथलं रान बघा कसं आहे, मोकळं, काटेरी, गवताचं. आणि माळढोकच्या तर नावातच माळ आहे, त्याच्यासाठी सोलापूरला नान्नजचं अभयारण्य १९७९ ला झालं आणि आज पक्षी दिसला की पेपरात बातमी येते, इतकी वेळ आलीये. त्याला दाट झाडी नको असते, लांबपर्यंत दिसेल असा माळ लागतो.

(लांडग्याचं नाव काढलं म्हणून सांगतो, आमचे आजोबा वर्षाला दोन-चार कोकरं लांडग्याच्या नावाने सोडूनच हिशोब करायचे. शिव्या द्यायचे, कुत्री सोडायचे, पण बिळात धूर कधी घातला नाही.)

आता एक गोष्ट जी आमच्या लोकांना आवडणार नाही. आपण मेंढरं दिवसभर माळावर चारतो आणि रात्री शेतात बसवतो. म्हणजे माळावरचं खाऊन लेंडी खाली शेतात. मी दुकानात रोज खतं विकतो त्यामुळे आकडे तोंडपाठ आहेत, लेंडीखतात नत्र साधारण ३ टक्के धरतात, स्फुरद १, पालाश २, आणि साध्या शेणखतात नत्र अर्धा टक्का. एवढं भारी खत पिढ्यानपिढ्या माळावरून उचलून खाली चाललंय. शेतकरी त्याचे पैसे देतो, पण माळाला कुणी काय दिलं? म्हणून माझं म्हणणं आहे की उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आधी, गावात जी खांडं असतील त्यांनी प्रत्येकी ठरावीक रात्री माळाच्या बोडक्या जागांवर वाघर लावायची. एका जागी एक किंवा दोन रात्री, जास्त नाही, जास्त बसवलं तर नत्र इतकं होतं की तिथं गाजरगवतच माजतं. वर मारवेल-पवन्याचं बी भुरभुरायचं, खुरांनी ते दाबलं जाईल. मारवेलच्या जाती राहुरीच्या विद्यापीठाने काढल्यात, माहिती काढायचं काम माझ्याकडे लागलं. केनियात जुन्या गोठणांच्या जागा शेकडो वर्षांनी पण आजूबाजूच्या रानापेक्षा हिरव्या राहिलेल्या सापडल्यात, आमच्या वाघरीची ताकद काही कमी नाही.

मग ठराव काय असावा ते सांगतो, टीका करून पळून गेला असं नको. माळाचे चार भाग आहेतच, नावं पण आहेत, म्हसोबाचा उतार, वरचं पठार, तलावामागचं आणि ओढ्याकडचं. दरवर्षी यातला एक भाग पहिल्या पावसापासून बी पडेपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत, पूर्ण बंद, कुणाचंच जनावर नाही, मेंढरू नाही गाय नाही सरपंचांची म्हैस पण नाही. पुढच्या वर्षी दुसरा भाग. म्हसोबाचा उतार मात्र सलग ३ वर्षं बंद ठेवा, तो आजारी आहे, तो आमच्याकडून दंड समजा. बाकीच्या उघड्या भागांत पहिला पाऊस पडला की लगेच शिरायचं नाही, हा सगळ्यात मोठा मुद्दा, एवढा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं. नक्षत्र बघून तारीख ठरवू नका, आपल्याकडे मृग कोरडा जातो आणि उत्तरात पूर येतो. माप सोपं ठेवा. गवत वीतभर झाल्यावर खांड आत, चार बोटं राहिलं की खांड उठलं. वीत आणि चार बोटं. हे माप आमच्या म्हातारीला पण कळतं, त्याला ॲप लागत नाही. उंचीने बघितलं तर निम्म्याच्या वर खाल्ल्यासारखं वाटेल पण गवताचं वजन खाली बुडाकडे जास्त असतं, त्यामुळे वजनाने साधारण निम्मंच जातं.

त्या मधल्या ५-६ आठवड्यांत मेंढरं कुठं न्यायची हा खरा अडलेला प्रश्न आहे आणि इथं मला तुमची मदत लागणार, उपकार नको. ज्यांची रानं अजून खरिपाला पड असतात, थोडी का होईना आहेत, त्यांनी मेंढरं बसवून घ्या, या वर्षी फुकट बसवू, खताचे पैसे मागणार नाही. कांदा काढलेल्या रानात, बांधावर, कॅनॉलच्या कडेला. सीएसआरचा पैसा आहेच तर त्यातून त्या महिन्यासाठी कडबा-पेंड घ्या, जेसीबीच्या डिझेलपेक्षा स्वस्त पडेल असं मला वाटतं, कोटेशन मागवून बघा. जो भाग बंद असेल तिथलं गवत दिवाळीनंतर कापायला गाईवाल्यांना द्या, विळ्याने, दर घराला पावती फाडून. म्हणजे तक्रार करायला कुणी उरत नाही, किंवा सगळेच थोडी थोडी करतील.

आणि बाहेरगावचे वाडे येतात त्यांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. आपण बाहेर जातो तेव्हा आपण पण कुणाच्या तरी गावात बाहेरचेच असतो. त्यांच्या कारभाऱ्याशी बोला, तारीख आणि भाग ठरवून द्या, ते पाळतात, आमच्यात शब्दाला किंमत असते. तसंही माळाच्या वरच्या बाजूला वनखात्याची हद्द लागते आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क लिहिलेला आहे, त्यामुळे सरसकट बंदीचा बोर्ड लावायच्या आधी कुणा जाणकाराला विचारलेलं बरं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे साल कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय, आणि आपण त्याच सुमाराला मेंढरांना दंड लावणारा बोर्ड रंगवायला टाकलाय. पेंटरला थांबवा जरा.

आपल्याकडे चरायला कुरण मिळालं असं म्हटलं की लोकांना पुढारीच आठवतात, पण कुरण म्हणजे मुळात राखलेलं गवताचं रान. राखलेलं म्हणजे कुणीतरी कधी सोडायचं आणि कधी अडवायचं हे ठरवत होतं. पूर्ण मोकळं सोडलं तर ते गायरान राहत नाही आणि पूर्ण बंद केलं तर ते कुंपणातलं जळण होतं. ठरवायचं काम करायला माणसं लागतात, आणि त्यात धनगराच्या घरातला एक जण तरी पाणलोट समितीत पाहिजे. सध्या एकही नाही. जेजुरीच्या खंडोबाने बानाईसाठी मेंढरं राखली असं आपण जागरणात ऐकतो आणि हात जोडतो, मग मेंढका समितीत बसला तर काय बिघडतं?

शेवटची एक मागणी अगदी छोटी आहे. ठराव कसाही होऊ दे, माझा होवो नाहीतर तुमचा, माळावर प्रत्येक भागात १० बाय १० फुटाचं एकेक तारेचं कुंपण करू, आत काहीच चरणार नाही, बाहेर जे ठरेल ते. दर दिवाळीला शाळेची पोरं नेऊन आतलं बाहेरचं गवत कापून वजन करायचं, कुठली गवतं आहेत ती मोजायची आणि डब्याने पाणी किती वेळात मुरतं ते लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचं. तीन वर्षांनी कुणी कुणाला खोटं ठरवायची गरज नाही, फळ्यावर असेल. त्यात मेंढरांमुळे खरंच नुकसान होतंय असं निघालं तर मी स्वतः खांड निम्मं करतो, हे सगळ्यांसमोर लिहून देतोय, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पुढची सभा २ ऑक्टोबरला आहे. त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी ८ वाजता ज्यांना जमेल त्यांनी पाझर तलावाच्या भिंतीपाशी या, ताई तुम्ही तर याच, तुमच्या माहेरी मेंढरं होती हे मला माहितीये. तासाभरात चारही भाग फिरून होतील.

आपला,
म्हसोबाचा उतार बोडका करणाऱ्यांपैकी एक

ता.क. : डबा माझ्याकडे आहे, हातोडी पण आणतो. पाणी आपापलं आणा, तलाव आटलाय.